दादाची गिटार, माझा ब्रिज

चुलत भावाचं, म्हणजे दादाचं, आणि माझं कधीच जमलं नाही. तो लातूरला ऑर्केस्ट्रात वाजवतो: लग्नं, वाढदिवस, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. मला नावानं हाक न मारता तो 'मॅडम' म्हणतो, कारण मी नांदेडात इंग्रजी शाळेत शिकले आणि पाहुण्यांसमोर फारसं बोलत नाही. त्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, माज.

गणपतीत तो आमच्याकडे आला तेव्हा त्यानं गाडीतून एक काळी इलेक्ट्रिक गिटार आणून सोफ्यावर टाकली. तिचा ब्रिज झिजला होता. ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथं येऊन अडकतात तो धातूचा भाग. या गिटारचा ब्रिज घट्ट बसवलेला नसतो, दोन जाड स्क्रूंवर धार टेकवून तोललेला असतो. पुढून तारा त्याला ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात. त्याला जोडलेली दांडी दाबली की तारा सैल पडून सूर खाली घसरतो, आणि सोडली की ब्रिजनं बरोबर मूळ जागी यायचं असतं. हा येत नव्हता. लातुरात कुणी हात लावायला तयार नाही म्हणे.

बाबा आणि काका समोर बसलेले असताना तो म्हणाला, "घे मॅडम. दसऱ्याला मी वाजवून बघणार. सुरात राहिली तर तुझी. न्हाई राहिली तर भंगारात."

बाबा हसले. मला दादाच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

मला ती गिटार हवी होती. तोवर मी एका मैत्रिणीची साधी गिटार मागून आणायचे आणि तिला हवी असेल तेव्हा निमूट परत करायचे. हे मी घरात कुणाला बोलले नाही. आमच्या घरात काही हवं आहे असं बोललं की त्याचा विनोद होतो.

शिकवण्यांतून साठवलेल्या पैशांतून मी नवा ब्रिज मागवला. त्याआधी दोन्ही स्क्रूंमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजून घेतलं, कारण ते चुकलं असतं तर लाकडात नवी भोकं पाडावी लागली असती. जुना ब्रिज काढून मी बिस्किटांच्या डब्यात ठेवला. नव्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून त्याला टेकू दिला, तारांची टोकं कापून त्या ब्रिजवरच्या चिमट्यांत आवळल्या आणि मग टेकू काढला. खरा त्रास तिथून सुरू झाला. एक तार ताणली की ब्रिज किंचित पुढं झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली बिघडते. मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे आवळायचे, पुन्हा सगळ्या तारा लावायच्या, ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर झाला का ते आडवं होऊन बघायचं. बाबा येता-जाता विचारायचे, यातून नोकरी कुठली लागते. आई म्हणायची, मुलीच्या हातात पाना बरा दिसत नाही. मी पाना फिरवत राहायचे. अखेर सगळं जुळलं तेव्हा मी तारा गिटारच्या मानेच्या वरच्या टोकालाही ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी पान्यानं, कुलूपबंद केल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आमच्याकडे घट बसतात, म्हणून नवरात्रात काका-काकू नांदेडला येतात. खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री, काकांचे पाने, बाबांचा लॅपटॉप असं सगळं मांडलं जातं. काकू माझ्या खोलीत शिरल्या आणि गिटार उचलून घेऊन आल्या. वाद्य म्हणजे सरस्वती, ते काय कोंडून ठेवायचं असतं, असं म्हणाल्या. त्यांनी ओल्या बोटांनी तारांवर हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता नेमक्या ब्रिजवर टाकल्या. पूजेतल्या वस्तूला दसऱ्याचं सोनं देऊन होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. मी बघत उभी राहिले.

दसऱ्याला संध्याकाळी दादा आला. सोनं देऊन झालं, सगळे बैठकीत बसले. त्यानं आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरला गिटार जोडली, एक सूर छेडला, दांडी दाबून सोडली. सूर खाली गेला आणि खालीच राहिला.

"उतरली," तो बाबांना म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले.

मी उठले आणि त्याच्या मांडीवरून गिटार काढून घेतली. असं मी कधी करत नाही, त्यामुळे त्यानं ती सोडली. दांडी खोल दाबली तसा ब्रिज मागून उचलला गेला. त्याच्या खालच्या लाकडातल्या खाचेत तांदळाचे दोन लाल दाणे रुतले होते. ब्रिज त्यांच्यावर टेकत होता, मूळ जागी येत नव्हता. मी केसांतली पिन काढून ते उकरले.

"अगं, अक्षता हायेत त्या," काकू म्हणाल्या. "केरासारख्या काय काढायलीस?"

मी दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि गिटार दादाला परत दिली.

त्यानं दांडी तारा लोंबेपर्यंत दाबली. सूर परत आला. त्यानं पुन्हा दाबली, वर ओढली, हिसके दिले. सूर दर वेळी जागेवर आला. मग तो वायर गुंडाळू लागला.

"बरी केलीस. लग्नसराईपुरती नेतो मी."

गणपतीत काय ठरलं होतं, ते ऐकणारे सगळे तिथंच बसले होते. बाबा म्हणाले, "दे की. घरातच तर राहते."

मी आतून ॲलन की आणि बिस्किटांचा डबा आणला. त्याच्यासमोर खाली बसून तारांचं वरचं कुलूप उघडलं आणि पहिली तार सैल केली.

"काय करायलीस?"

"दादा, गिटार तुझी आहे, ने. ब्रिज माझा आहे. तुझा जुना जपून ठेवलाय, तोच बसवून देते."

मी दुसरी तार सैल केली. ब्रिज मागं कलून खाचेत बसला. तो वाजवणारा आहे. अशी गिटार पुन्हा सुरात लावायची म्हणजे काय, हे त्या बैठकीत माझ्याखेरीज फक्त त्याला कळत होतं. मी तिसऱ्या तारेला हात घातला.

"माज बघा हिचा," तो म्हणाला आणि गिटार तिथंच सोडून नुसता ॲम्प्लिफायर उचलून उठला. बाबा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले.

ब्रिजची दांडी त्यानं मघाशी वायर गुंडाळतानाच काढून खिशात घातली होती. ती नव्या ब्रिजसोबत आलेली, म्हणजे माझी होती. मी मागितली नाही, नवी मागवली.