तिसऱ्यांदा जायची लाज

नववा महिना लागल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. मंगळवार पेठेतल्या माहेरच्या घरात तीन खोल्या आणि मागे धुण्याची मोरी, तेवढ्यात मी दिवसभर फेऱ्या घालायचे. बसलं की कंबर धरायची, आडवं झालं की छातीत जळजळायचं, उभं राहिलं की पोट खाली ओढायचं. मी शाळेत आठवीला गणित शिकवते. प्रश्न असला की त्याला उत्तर असतं, ही माझी सवय. इथं प्रश्न एकच होता, सुरू झालंय की नाही, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तो सोमवार होता. दुपारच्या जेवणानंतर पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. घट्ट व्हायचं, सुटायचं, परत व्हायचं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं वेळा लिहीत बसले. बारा मिनिटं, मग सात, मग पंधरा, मग नऊ. हिशोब जुळत नव्हता, तरी मी नवऱ्याला फोन केला. तो इचलकरंजीला एका मागाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कामाची पाळी अर्धी टाकून तो आला. दवाखान्यात सिस्टरनी पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके बघितले, डॉक्टरबाईंनी तपासलं आणि अजून वेळ आहे म्हणून सांगितलं. निघताना सिस्टरनी मला नीट समजावलं. खऱ्या कळा ठरावीक वेळानं येतात, वाढत जातात, चाललं-झोपलं तरी थांबत नाहीत. खोट्या असल्या की थोडं फिरून, पाणी पिऊन, डाव्या कुशीवर पडलं की बसतात. त्या पुढंही काहीतरी सांगत होत्या. मी मान हलवत होते, पण माझं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं होतं. तो घड्याळ बघत होता.

गुरुवारी परत गेलो. सकाळी चिकट, गुलाबीसर काहीतरी दिसलं आणि मी घाबरले. तेव्हाही परत पाठवलं. हे लक्षण आहे, पण यानंतर दिवस-दोन दिवसही जातात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाहेर टेबलाशी बसलेली मुलगी बाजूच्या मुलीला हळूच म्हणाली, "ह्या सोमवारी पण आलत्या." दोघी हसल्या. वाईट हेतूनं हसल्या नसतील. पण माझे कान तापले. रिक्षात नवरा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला आणि मनात ठरवून टाकलं, आता पोटात खरोखर कळा सुरू झाल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही.

आईची नोकरी अजून संपली नव्हती. ती सकाळच्या शाळेला जायची. त्या वेळात मी एकटी राहू नये म्हणून सासूबाई हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावाहून येऊन राहिल्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते. आमचं भांडण नव्हतं, पण सूरही जुळलेला नव्हता. त्यांचं बोलणं मोठ्यानं आणि सरळ. कुणाच्याही समोर विचारायच्या, संडास साफ झाली का. मला लाज वाटायची. मी त्यांच्यापासून जरा लांबच असायचे.

शनिवारी सकाळी आई गेल्यावर मी खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकले आणि ओलं झाल्यासारखं वाटलं. थोडंसंच. मला वाटलं, लघवी. शेवटच्या दिवसांत खोकलं-शिंकलं तरी असं होतं, हे मी ऐकलं होतं. कपडे बदलले. अर्ध्या तासानं परत तेच. परत बदलले आणि मोरीत जाऊन मीच पिळून टाकले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी वास घेऊन बघितला. लघवीसारखा नव्हता. तरी मी स्वतःला सांगत राहिले की दुखत तर काहीच नाही, मग कसलं काय. मोबाइल उघडून बघितला. एका ठिकाणी लिहिलं होतं ताबडतोब जा, दुसरीकडे लिहिलं होतं घाम असेल. मी मोबाइल पालथा ठेवला आणि फेऱ्या घालायला लागले. खिडकीशी जायचं, दाराशी यायचं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. मला त्याचाही राग येत होता. मी कळांची वाट बघत होते. कळ आली की ताठ मानेनं जाता आलं असतं.

अकराच्या सुमाराला आत्ती कपडे वाळत घालायला मागं गेल्या आणि तशाच परत आल्या. हातात माझ्या कपड्यांचा पिळा तसाच. माझ्या समोर जमिनीवर बसल्या.

"किती येळा बदललंस सकाळपास्नं?"

मी म्हटलं, तीन वेळा. त्यांनी विचारलं, मुताचा वास येतोय का. मी नाही म्हटलं. त्यांनी कापडाची कोरडी घडी घ्यायला लावली आणि खोलीभर चालायला सांगितलं. मी दोन फेऱ्या घातल्या. घडी ओली झाली. पांढऱ्या कापडावर फिकट हिरवट झाक होती. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि आवाज एकदम खाली आला.

"पाणी जायलंय तुझं. बाळ हलतंय न्हवं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी त्याकडे बघितलंच नव्हतं. रोज चहा पिऊन झाला की पोटात दणके बसायचे. आज बसले होते का? मला आठवेना. मी पोटावर हात ठेवून उभी राहिले. काहीच कळेना.

तरीही माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, आत्ती, दुखत नाही अजून, परत हसतील. आईला येऊ दे, दुपारनंतर जाऊ.

त्या उठल्या. माझी भरून ठेवलेली पिशवी खांद्याला अडकवली आणि माझ्या चपला पायापुढं सरकवल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याआदी एक झालतं मला. असंच पाणी गेलतं. दोन दिस समदी म्हणाली, कळ न्हाई तर घाई कशाला. तिसऱ्या दिशी झालं. रडलंच न्हाई." आणि थोडं थांबून, "हसल्या तर हसू देत. दहा येळा परत पाठीवलं तर दहा येळा जायाचं."

हे घरात कुणी कधी मला सांगितलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हात आडवा करून रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "पावणं, खड्डं बघून चला, पर थांबू नका." वाटेत मी नवऱ्याला आणि आईला फोन केला. आत्तींनी मला डाव्या कुशीवर, स्वतःच्या मांडीवर टेकवून घेतलं होतं. त्यांचा हात माझ्या पोटावर होता. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हाताखाली काहीतरी हललं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी विचारलं, तुम्हाला कळलं का. त्यांनी मान डोलावली.

दवाखान्यात टेबलाशी तीच मुलगी होती. आत्ती तिला लांबूनच म्हणाल्या, पाणी जायलंय सकाळपास्नं, हिरवं हाय. ती खुर्चीतून उठली आणि धावत आत गेली. पुढचं सगळं भराभर झालं. बाळानं आतच शी केली की पाणी हिरवं होतं, असं कुणीतरी म्हणालं. पट्टा बांधला, ठोके लागले, खोलीभर टकटक ऐकू आली आणि मला रडू फुटलं. डॉक्टरबाईंनी रागावल्यासारखं विचारलं, पाणी जायला लागलं की कळांची वाट बघायची नाही, लगेच यायचं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. सिस्टर सोमवारी सांगत होत्या ते हेच. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाचं हलणं कमी वाटलं, तर दुखो न दुखो, यायचं. मी अर्धंच ऐकलं होतं.

सलाइनमधून कळांचं औषध दिल्यावर कळा सुरू झाल्या आणि मग खऱ्या कळा कशा असतात ते समजलं. वेळा लिहायचं सुचणंच शक्य नव्हतं. पण प्रत्येक कळेला बाळाचे ठोके उतरायला लागले. तीनच्या सुमाराला डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबायला नको, सिझर करू. नवरा तोवर पोचला होता. डोक्याला, भुवयांना कारखान्यातल्या कापसाची पिंज तशीच चिकटलेली. त्यानं सही केली. मला आत नेताना तो म्हणाला, "त्या दिवशी मी गप्प बसलो ते भीतीनं." एवढंच.

मुलगी झाली. लगेच रडली नाही. किती सेकंद गेले ते मला सांगता येणार नाही. पडद्यापलीकडं कुणीतरी तिला पुसत होतं, चोळत होतं, आणि मी छताकडं बघत होते. मग एक बारीक, चिडका आवाज आला. बाहेर आईचा मोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. आत्तींचा आला नाही. नंतर आईनं सांगितलं, त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि कितीतरी वेळ वर आल्या नाहीत.

आपल्या पहिल्या बाळाचं त्यांनी मुलालाही सांगितलेलं नव्हतं. मी ते माझ्यापाशी ठेवलं, पण फार जड गेलं. नवरा समोर आला की मी दुसरंच काहीतरी बोलायचे. महिन्याभरानं एका दुपारी, बाळाला तेल लावता लावता, त्यांनी स्वतःच त्याला सांगितलं, मान वर न करता, दोन वाक्यांत. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मग आत येऊन त्यानं विचारलं, तुला माहीत होतं?

मी हो म्हटलं. तो माझ्याशेजारी कॉटवर टेकला. बाहेर आत्ती बाळाशी मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या, नेहमीसारख्या, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा.