कोरडी यार्देन

यरीहोला जायला ब्रिस्बेनहून ट्रेन मिळते, असं माझ्या मुलाने, संदेशने, फोनवर सांगितलं तेव्हा हा माझी थट्टा करतो आहे असंच मला वाटलं. जालन्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी उभी हयात रविवारची शाळा घेतली. फळ्यावर यार्देन नदीची रेघ ओढून तिच्या काठी यरीहो आणि वर गालील समुद्र दाखवणं मला डोळे मिटूनही जमतं. त्या नकाशात ब्रिस्बेन कधीच नव्हतं.

पण ते खरं निघालं. तिथून खूप पश्चिमेला यरीहो नावाचं गाव आहे, यार्देन नावाची क्रीक (ओढा) आहे आणि गालील नावाचं तळंसुद्धा आहे. तिकडची माणसं त्यांना जेरिको आणि जॉर्डन म्हणतात, पण माझ्या तोंडात आपलीच नावं बसलेली.

त्या वर्षी मंडळीतली बरीच माणसं खऱ्या पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली होती. माझ्या गुडघ्यांना एकच लांबचा प्रवास झेपणार होता, आणि मी मुलाकडे जायचं ठरवलं. शेजारच्या रत्नमालाने निघताना माझ्या हातात रिकामी बाटली ठेवली. तिच्या नातीचा बाप्तिस्मा व्हायचा होता.

"यार्देनेचं पाणी आण."

"अगं, ती यार्देन वेगळी आहे."

"नाव तेच आहे ना? मग भर."

संदेश ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला तिघा मित्रांबरोबर राहत होता. गेला होता इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला. ते झाल्यावर त्याने स्वयंपाकाच्या कोर्सला नाव घातलं. घरी असताना चहा उतू घालवणारा माझा इंजिनिअर मुलगा परदेशात कांदा चिरायला शिकत होता. "असाच, अनुभव म्हणून," असं तो मला म्हणे. पण घरातल्या चौघांच्या तोंडी रात्रंदिवस एकच शब्द होता, पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना; स्वयंपाक शिकलेल्यांना तो लवकर मिळतो म्हणे. मी खोलीत गेले की तो शब्द थांबायचा. संदेशचे वडील गेल्यापासून मला तो एकटाच. तू परत येणार आहेस का, एवढं एक वाक्य विचारायला मी इतका समुद्र ओलांडून आले होते आणि ते रोज उद्यावर टाकत होते.

एका मित्राने आम्हाला गाडीने स्टेशनवर सोडलं. संध्याकाळी ट्रेन सुटली. उजाडलं तेव्हा बाहेर मळे होते. पुढे मळे संपले, घरं संपली, आणि मग नुसती जमीन उरली. तांबूस माती, करडी झुडपं, वर न संपणारं आभाळ. ट्रेन सावकाश चालली होती. मध्येच माझा डोळा लागे, उघडला की तेच झाड परत समोर आल्यासारखं वाटे. इस्राएल लोक रानात इतकी वर्षं कसे भटकले, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न मला त्या खिडकीत बसून पहिल्यांदा नीट समजला. लांबवर पाणी चमकायचं आणि जवळ गेलं की नसायचं.

मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. संदेशने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "चटणीत लसूण जास्त झालाय, आई."

"अरे वा. फी वाया गेली नाही म्हणायची."

तो हसला. मीही हसले. विचारायची ती चांगली वेळ होती, पण मी चटणीचा डबा बंद केला.

यरीहोला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रुंद रस्ता, तुरळक घरं, कर्णे वाजवणाऱ्यांचं एक स्मारक. बायबलातल्या यरीहोचा तट कर्ण्यांच्या नादाने पडला होता; इथे तट कुठेच नव्हता, पाडायला शिल्लक काहीच नव्हतं. माश्या मात्र होत्या, मिसर देशावर देवाने पाठवलेल्या पीडेइतक्या. उतरायची सोय गावातल्या पबमध्ये होती. दारूबंदीवर जन्मभर भाषणं दिलेली मी, तोंडावर पदर घेऊन पबच्या पायऱ्या चढले. जालन्यात हे कोणी पाहिलं असतं तर पाळकसाहेबांनी माझ्यासाठी खास प्रार्थना ठेवली असती.

काउंटरमागच्या बाईने पाणी दिलं आणि आम्ही कशाला आलो ते विचारलं. संदेशने सांगितलं. तिने माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"ओह, लव्ह. द जॉर्डन्स ड्राय."

नदी कोरडी होती. यंदा पाऊसच झाला नाही, गालीललाही पाणी नसेल, असं ती म्हणाली. नदी आम्ही खुशाल चालत ओलांडावी.

"सॉरी, आई," संदेश म्हणाला. "उगाच आणलं तुला."

"का? यहोशवाच्या वेळी लोकांनी ती कोरड्या पायांनीच ओलांडली. चल."

गावाच्या कडेला उंच झाडांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्यामध्ये वाळू. एवढीच यार्देन. माझ्या फळ्यावरची रेघ तिच्यापेक्षा रुंद असायची. पांढरे पोपट कलकलाट करत होते, उन्हं पिवळी झाली होती, आणि मी स्वप्नात असल्यासारखी मुलाचा हात धरून त्या पात्रात उतरले. मध्यावर गुडघ्यांनी संप केला. मी एका आडव्या पडलेल्या खोडावर बसले.

"तू जा पलीकडे. कसं दिसतं ते सांग."

तो गेला. पलीकडच्या काठावर चढून माझ्याकडे वळला. देवाने वचन दिलेला देश डोंगरावरून नुसता पाहिलेल्या, पण तिथे जाऊ न शकलेल्या मोशेची गोष्ट मी किती वर्गांना शिकवली असेल. त्या वेळी मला त्याच्या मनातलं काहीच कळलेलं नव्हतं.

"संदेश, तू परत येणार नाहीस ना रे?"

तो काठावर उकिडवा बसला.

"नाही, आई. तेच सांगायचं होतं. घरी जमत नव्हतं, सगळे असतात. म्हणून इथे आणलं तुला."

"मग ट्रेनमध्ये का नाही बोललास?"

"तू रडशील म्हणून."

मी रडले नाही. माझं मलाच नवल वाटलं. इतके दिवस अडकलेलं ते वाक्य निघून गेलं होतं आणि मला नुसती भूक लागली होती.

"हात दे," मी म्हटलं. "तू जिथे राहणार आहेस ती जमीन मला पाहू दे."

त्याने मला वर ओढून घेतलं. पलीकडेही तेच होतं. वाळलेलं गवत, तारेचं कुंपण, माश्या. मी तिथेच उभी राहून त्याच्यासाठी प्रार्थना केली. देवाचं नाव फारसं न घेणारा तो, माझ्या शेजारी टोपी काढून उभा राहिला.

परतल्यावर रत्नमालाला मी बाटली आहे तशी रिकामी दिली आणि खरं काय ते सांगितलं. नदी आटली होती. आम्ही दोघं पलीकडे गेलो, पण तो तिकडचा झाला आणि मी परत आले. तिने बाटली ठेवून घेतली. यात्रेहून आलेल्यांनी खऱ्या यार्देनेचं पाणी देऊ केलं होतं, ते तिने का घेतलं नाही कोण जाणे.

बाप्तिस्मा नळाच्या पाण्याने झाला. पाळकसाहेबांनी ओंजळीतलं पाणी बाळाच्या कपाळावर सोडलं आणि दूर देशी राहणाऱ्या आपल्या लेकरांसाठीही प्रार्थना केली. तेव्हा मात्र मला आवरेना. वाळूत बसून जे आलं नव्हतं ते सगळं भरल्या मंडळीत वाहायला लागलं. रत्नमालाने स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "आणलंस की गं पाणी."