चार माणसांतला होकार

निकालानंतरचा पहिला रविवार. लोह्याजवळच्या गावात भावाचं घर. हजर: भाऊ, चुलते, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि लातूरहून सकाळच्या एसटीनं आलेली मी. वहिनी स्वयंपाकघरात. जिच्यासाठी बसलो होतो ती भाची चहा करत होती.

डॉक्टरकीची नीट परीक्षा दोनदा देऊन झाली होती. तिसऱ्यांदा लातूरला क्लासला ठेवायचं की नांदेडला बीएस्सीला घालायचं, एवढंच ठरवायचं होतं.

मी आल्या आल्या ती मोरीपाशी म्हणाली होती, "आत्या, माझ्यानं न्हाई होत आता. पेपर समोर आला की हात गार पडतात. तुम्ही सांगा ना पप्पाला."

ती चहा घेऊन आली तेव्हा मी विषय काढला. "पोरगी थकलीय. यंदा नांदेडला घालू."

भाऊ हसला. "आक्का, तुझ्या ऑफिसातली मीटिंग हाय का ही? तिलाच विचारू की."

आमच्याकडं पोरीला असंच विचारतात, चार माणसांत, हातात ट्रे असताना. ती जे बोलेल ते तिच्या मनातलं, असं धरून चालतात. पुढं काही झालं तर जबरदस्ती कुणी केली नाही म्हणायला सगळे मोकळे.

"सांग गं डाक्टरीणबाई," चुलते म्हणाले, "अजून एक डाव?"

"वाघीण हाय ती," गुरुजींनी भर घातली.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "हाव. देते की."

"मग सकाळी मला काय म्हणालीस?"

"ते उगंच, आत्या. तसं काही न्हाई."

"घ्या! आत्याच थकली म्हणायची," भाऊ म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

माझ्या मुलीनं ट्रे खाली ठेवून नाही म्हटलं असतं. ही तशी नाही. पोट भरलेलं असलं तरी कुणी वाढलं की मुकाट्यानं खाते.

निघताना गुरुजी फाटकापाशी हळूच म्हणाले, "बाई, लेकराचा चेहरा पार उतरलाय. पाठवू नये."

"मग आत का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर कसं बोलावं?"

भावानं लातूरच्या होस्टेलची खोली फोनवरच पक्की केली. बादली, कुलूप, टेबललॅम्प मी आणून ठेवलं आहे. गेल्या वर्षीची गादी तिनं लातूर सोडतानाच मेसवाल्या बाईंना देऊन टाकली होती. नवी भरून घ्यायची राहिली आहे.