पायाचं माप

सुगलाक्का गेल्याचं मला तिच्या मुलाच्या, शिवाप्पाच्या, पोस्टकार्डानं कळलं. चारच ओळी होत्या. दोन दिवस तापाचं निमित्त झालं आणि आई मंगळवारी गेली. आपली एक वस्तू आमच्याकडे आहे, सवडीनं घेऊन जावी. वस्तू कोणती, ते लिहिलं नव्हतं. मी उमरग्याची एसटी धरली तेव्हा तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हाची आमची ओळख. मी विद्यापीठात संशोधन करत होतो. विषय भारदस्त होता : राबणाऱ्याच्या अंगाला बेतलेली अवजारं. आधी माणूस मोजायचा, मग लोखंड तापवायचं, असं आमचे सर सांगत. तेव्हा माणसं मोजायला मी उमरग्याजवळच्या तिच्या गावात येऊन उतरलो. खिशात टेप, गळ्यात स्टॉपवॉच आणि पायात कोरे करकरीत बूट. इकडं शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, ताटं हातानं उपटतात, काढणी संपेपर्यंत तळहात सोलून निघतात. मी घरोघर जाऊन म्हणायचो, "हात दाखवा." लोक दाखवायचे. सुगलाक्कानंही दाखवला. त्या मापांवरून मी लांब दांड्याचं, वाकायला न लावणारं एक कापणीचं अवजार आखलं आणि उमरग्याच्या रसूलभाई लोहारांनी ते घडवलं. "हत्यार तो मस्त बना, साब," ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या सुगीत चाचणी घेतली ती सुगलाक्काच्याच वावरात. ऊन चढायच्या आत शाळू आडवा झाला. कुणाच्या हाताला ओरखडासुद्धा नाही. गडी खूश, आणि माझे तर पाय जमिनीवर नव्हते. ते तिनं आणले.

"सायेब, बूट काढा," बांधावरून ती म्हणाली.

"का हो, आक्का?"

"काढा तर. अन् ह्या बांधापस्तोर चालत या."

मी निघालो. कापलेल्या ताटांचे बुडखे, ज्यांना धसकटं म्हणतात, जमिनीतून खिळ्यांसारखे वर आले होते. दहाव्या पावलाला एक टाचेत घुसलं आणि मी मटकन खाली बसलो. बाकीच्या बाया हसल्या. ती हसली नाही. चिंधी फाडून टाच बांधता बांधता म्हणाली, "उपटलं की मूळबी निघून येतं. कापलं की हे ऱ्हातं. अन् हे उकरून येचायचं काम आमा बायांचं."

"मग पायात काहीतरी घालायचं..."

"सासऱ्याम्होरनं वहाणा घालून जाऊ व्हय?"

"पण हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी हात दावा म्हनलाव. म्या हात दावला." मग गाठ आवळून म्हणाली, "आता पायाचंबी ल्ह्या तुमच्या वहीत."

लिहितो, म्हणालो. टाच इतकी सुजली की बुटात जाईना. बूट तिच्या ओसरीवर सोडून, शिवाप्पाच्या वहाणा घालून मी परतलो.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. धसकटांचं लिहिलं असतं तर सगळं पुन्हा, आणखी एक सुगी थांबायचं, आणि कबूल झालेली नोकरी तोवर थांबणार नव्हती. मी ते पान लिहिलं... आणि काढून ठेवलं. पदवी मिळाली. अवजार विभागाच्या काचेच्या कपाटात गेलं, अजून तिथंच आहे. रसूलभाईंनी आणखी काही घडवली, गावात ती दोन सुग्या चालली, मग लोक पुन्हा हातानं उपटू लागले. त्या दोन सुग्या बायकांनी धसकटं वेचली. मला याची लाज वाटते.

तरीही मी तिच्याकडं जात राहिलो. हुरड्याला तिचा निरोप यायचाच. एकदाच तिनं विचारलं, "ल्ह्यलं का ते, पायाचं?" मी हो म्हणालो. "बरं झालं," ती म्हणाली आणि गरम हुरडा माझ्यापुढं सरकवला. तो मी खाल्लाही.

या खेपेला शिवाप्पा मला घरी न थांबवता थेट वावरात घेऊन गेला. तिथल्या कोपीत, गवती खोपटात, खुंटीला माझे बूट टांगलेले होते. म्हणजे, त्यांचं जे उरलं होतं ते. वरचं चामडं कापून त्याचे पट्टे केलेले, तळ पुढून-मागून छाटून लहान केलेला, सुतळीची जाड शिवण.

"आईनं त्याच सालात कापले," शिवाप्पा ओशाळून म्हणाला. "गावात कदी न्हाय घातले. हितं आल्यावर घालायची, जाताना खुंटीला. शेजारच्या बायाबी पाळीपाळीनं न्यायच्या. तुमी मागताल म्हनून तिला लई भ्या वाटायचं."

तो बाहेर बैलांकडं गेला. मी एक तळ हातात घेतला. अंगठ्याखाली आणि टाचेला खोलगट झाला होता. त्या गावातल्या हातांच्या मापांच्या चार वह्या माझ्याकडं आहेत. टेप अजूनही खिशात असतो. मी तिथंच मातीत बसलो आणि सुगलाक्काच्या पायाचं माप घेतलं.