दुसरीच्या पातीत

लुडबुड हा शब्द बाईच्या आयुष्यात दोनदा येतो. एकदा दात यायच्या आधी आणि एकदा दात गेल्यावर. मधली सगळी वर्षं तो ती दुसऱ्यांना म्हणत असते.

रांगतं पोर चुलीपाशी आलं, परातीतल्या पिठात हात घातला, की आई म्हणते, "लुडबुड नको करूस, हो तिकडं." त्यात राग फार नसतो. शब्दच बुटका आहे. मोठ्यांसाठी वेगळे शब्द आहेत. भावकीतला कुणी आपल्या घरच्या सोयरिकीत तोंड घालायला लागला तर ती ढवळाढवळ. शेजारीण भिंतीला कान लावून ऐकते आणि गावभर करते, तो चोंबडेपणा. पेपरात येतो तो हस्तक्षेप. त्याला बहुतेक गाडी आणि शिपाई लागत असावा. लुडबुडीला काहीच लागत नाही. आपले दोन हात रिकामे असले आणि समोर दुसऱ्याचं काम चाललेलं असलं, की झालं. आणि करणाऱ्याला ती कधी दिसत नाही. त्याच्या लेखी ती मदत असते. मला विचाराल तर मी उभ्या जन्मात लुडबुड केलेली नाही. गावाला विचारू नका.

यंदा भातलावणीला सुनेनं मला बांधावर बसवलं. माझ्या गुडघ्यांनी चिखलाशी वैर धरलंय. खाली खताचं रिकामं पोतं, अंगावर प्लॅस्टिकची खोळ, शेजारी चहाची किटली, आणि वरून ताकीद.

"आत्याबाई, हितंच बसायचं. च्या द्यायचा. लुडबुड न्हाई करायची."

"म्या कवा केली?"

सगळं खाचर हसलं.

त्या दिवशी खाचरात एक नवी बाई उतरली होती, माझी नातसून. तिचं मूळ घर वेल्ह्याच्या वाटेवरचं, मार्गासनीचं, पण पोर वाढली पुण्यात आणि नोकरीही तिथंच, कॉम्प्युटरसमोर. उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा मांडवात आमच्या भावकीतल्या बाया बोलल्या होत्या, "पावण्यावानी यील न पावण्यावानी जाईल." हळू बोलल्या असं त्यांना वाटत होतं. पोरीनं ऐकलं होतं. म्हणून लावणीला सुट्टी काढून ती आमच्या हिर्डोशीला आली आणि जेवताना सासूला म्हणाली, "मला माझी वेगळी पात पाहिजे. फोटोपुरती दोन रोपं लावून बाहेर नाही यायचं मला."

पात म्हणजे खाचरात एकेका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. सगळ्या ओळीनं वाकतात आणि रोपं खोवत मागं मागं सरकतात. जिची पात तिची. दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही, असा आमचा नेम. घातला तर त्याचा अर्थ एकच, बाई, तुला झेपत नाही. आणि जी हळू असते तिची मोठी गंमत होते. दोन्हीकडच्या बाया मागं सरकत निघून जातात आणि ती मधेच राहते, तिन्ही अंगांनी हिरव्या रोपांत. मग बाकीच्या ओरडतात, "कोंडली गं, कोंडली!"

हा नेम मला कसा कळला तेही सांगते. माझं माहेर उत्रोली, भोरच्या अगदी जवळ. तिथं लावणीत माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, निदान माझं तसं मत होतं. सासरी पहिल्याच लावणीला मी पदर खोचून अशी उभी राहिले, जणू या डोंगरातल्या लोकांना भात म्हणजे काय ते मीच दाखवणार. शेजारच्या पातीवर माझी चुलतसासू होती. हात हळू. मला राहवेना. माझी पात करता करता मी तिच्याही पातीत रोपं खोवायला लागले. मनात म्हणत होते, म्हातारी दुवा देईल.

चुलतसासू उठली, ओढ्यावर हात धुतले, बांधावर जाऊन निवांत पान लावलं आणि म्हणाली, "सूनबाईला लई हौस हाय. करू द्या दोन्ही पाती."

केल्या. दुपारपर्यंत ऐट होती, मग नुसती कंबर उरली. बाकीच्या बाया बांधावर गेल्या, भाकरी खाऊन हात पुसून मोकळ्या झाल्या. मी मधे एकटी, बगळ्यासारखी. चुलतसासू अधूनमधून विचारायची, "उत्रोलीत असंच लावत्यात व्हय गं?" दुसऱ्या दिवशी उठून बसायला मला नवऱ्याचा हात लागला आणि तोही मेला हसत होता. तेवढ्यानं मी शहाणी झाले म्हणता? छे. फक्त चिखलातली लुडबुड सोडली. घरात, अंगणात आणि दुसऱ्यांच्या लग्नकार्यात जागा भरपूर होती.

तर ही पोर उतरली. बघते तर मूठभर रोपं एकाच जागी कोंबतेय. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

"दोन-तीनच काड्या घ्याव्या गं!"

"आत्याबाई!" सून खाचरातून ओरडली.

"मी कावळ्याला बोलले."

कावळ्याचं नशीब, पोरीनं ऐकलं. जुडीतून दोन-तीन काड्या सोडवून घ्यायला लागली. पण त्यानं हात आणखी हळू झाला. दोन्हीकडच्या बाया सरकत सरकत माझ्या दिशेनं आल्या आणि ती तिकडंच राहिली. मग व्हायचं तेच झालं.

"कोंडली गं, कोंडली!"

"अगं बया, पुण्याची यष्टी घाटात बंद पडली!"

"धक्का द्या की कुनीतरी!"

तिच्या शेजारची पात माझ्या धाकट्या जावेची. मनानं चांगली बाई, पण हात आवरत नाही, आमच्या घरात हे पसरलेलंच आहे. तिनं वळून पोरीच्या पातीकडं रोपांचा हात लांबवला. पोर ताठ उभी राहिली. कपाळाला चिखल, नजर बांधाकडं. आता ही रडणार, नाहीतर बाहेर येणार, आणि आली की पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसणार, हे मला बांधावरून स्पष्ट दिसत होतं. मी कधी उठले ते मला कळलं नाही. एक पाय चिखलात गेलासुद्धा.

पोरीनं जावेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आजी, तुमी बसा. लुडबुड न्हाई करायची."

रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलणारी पोर! तिच्या तोंडून 'तुमी' आणि 'न्हाई' आल्यावर बाया हसून वाकल्या त्या वाकल्याच. जावेनं हात मागं घेतला. मी पाय मागं घेतला. चप्पल चिखलातच राहिली.

मग वाट बघणं आलं, आणि तेच मला कधी जमलेलं नाही. एकेक बाई पात संपवून बांधावर आली. फडकी समोर होती, पण भाकरी कुणी सोडली नाही. माझ्या वेळी कुणी थांबलं नव्हतं. तेव्हा भूक जास्त होती की मी कमी आवडत होते, देव जाणे. पोर वाकलेली, सरकतेय, थांबतेय, कमरेवर हात ठेवतेय, परत वाकतेय. ओळ वरंधा घाटासारखी वळणं घेत माझ्याकडं येत होती. चिडवाचिडवी कधी थांबली ते कळलं नाही. मग जाऊच म्हणाली, "दमानं, बाय, दमानं. आमी हाय हितंच."

पोर अगदी माझ्या पायापाशी आली आणि तिच्या हातातली रोपं संपली. तिनं वळूनही बघितलं नाही. पाठीमागं हात पसरला.

"आजी, जुडी."

मी दिली. तिनं शेवटची ओळ लावली, बांधावर चढली आणि सरळ आडवी झाली. "फुडल्या वर्षी हिची पात माझ्या शेजारी," जाऊ म्हणाली. "न्हाई, माझ्या," आणखी कुणी म्हणालं. भाकऱ्या सुटल्या. सगळ्यांचं लक्ष ठेच्याकडं होतं. जुडीतलं एक रोप माझ्या मांडीवर सांडलं होतं. बांधालगत तिच्या पातीत जराशी जागा दिसत होती...

आता भात पोटरीला आलंय, लोंब्या अजून पोटात आहेत. तिची पात लांबून ओळखू येते. येणारी-जाणारी बाई थांबून म्हणते, "ही तुमच्या नातसुनेची न्हवं?" त्यात आता टोमणा नसतो. आणि कोपऱ्यात, ओळ सोडून, एक रोप एकटंच उभं आहे. परवा पोरीचा पुण्याहून फोन आला.

"आजी, माझी पात कशी आहे?"

"बेस हाय. एक रोप तेवढं वाकडं लागलंय तुझ्या हातनं."

"बांधापाशी ना? ते माझं नाहीच. मी डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते."

मी मोबाईल कानापासून लांब धरला आणि मोठ्यांदा ओरडले, "रेंज न्हाई गं हितं!"