फक्त माझ्या हातची फळी

रंधामास्तरांचा विश्वास तीनच गोष्टींवर होता: हातातला रंधा, डावा तळवा आणि कामाच्या खोलीचं कुलूप. त्यातल्या कुलपावरचा तर गेल्या वर्षभरात पार उडाला होता.

मास्तर मूळचे दारं-खिडक्या करणारे सुतार. पंचवीस वर्षांपूर्वी लाटांवर उभं राहायच्या वेडाने झपाटलेला एक गृहस्थ मोडकी सर्फिंगची फळी काखोटीला मारून त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, दाराला ठिगळ लावता तसं हिला लावून द्या. मास्तरांनी फळी उलटीपालटी केली, कडांवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "ही ज्याने केली त्याला सुतारकाम येत नाही." मग ठिगळ न लावता नवीच करून दिली. तिथून दारं सुटली ती सुटलीच. किनाऱ्यावर त्यांच्या फळीसाठी लोक सहा-सहा महिने थांबायला लागले आणि मास्तरांची मान, आधीच ताठ होती, ती आणखी ताठ झाली.

कामाची खोली गडद निळ्या रंगाची. खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीवर एकेक ट्यूबलाइट. मधल्या लाकडी घोड्यावर फोमची लादी ठेवायची आणि रंध्याने उतरवत जायची. उजेड बाजूने येतो, त्यामुळे केसाएवढा उंचवटा राहिला तरी त्याची सावली पडते. सावली दिसेनाशी झाली की फळी झाली. मग मास्तर फोमवर पेन्सिलीने सही करत आणि आकडा टाकत. त्यावर त्यांची बायको फायबरचं कापड अंथरून पारदर्शक रेझिन चढवी आणि सही जन्मभरासाठी आत बंद होई. शेवटी फळी जाई रंगाऱ्याकडे.

हा रंगारी म्हणजे मास्तरांच्या मते वाया गेलेला माणूस. सकाळी समुद्रात, दुपारी फळ्यांवर चित्रं, संध्याकाळी शेजारच्या गोदामात चौघा मित्रांबरोबर गिटार. त्या किनाऱ्यावर सगळ्यांचंच हे असं होतं. लाटेवरून उतरलेला माणूस कोरडा व्हायच्या आत काहीतरी वाजवायला बसे आणि त्याच गाण्याचं चित्र आठवड्याभरात कुणाच्या तरी फळीवर उमटे. मास्तरांना ही भेसळ पसंत नव्हती. त्यांची बायकोही त्या वाजवण्याला डबे आपटणं म्हणे. नवराबायकोचं एकमत असलेला हा दुर्मीळ विषय होता.

संशयाची सुरुवात कौतुकातून झाली. एकजण नवी फळी घेऊन समुद्रात जाऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, शेपटीकडची डावी कड काय उतरवलीत हो! वळताना लोण्यासारखी जाते." मास्तर गोड हसले खरे, पण मनात पाल चुकचुकली. ती कड आपण इतकी उतरवली नव्हती. मग दुसरा तेच म्हणाला, मग तिसरा. कुणी चोरी केली तर बोंब मारता येते. कुणी आपलं काम गुपचूप सुधारत असेल तर तक्रार कुठे करायची?

मास्तरांनी खोलीला कुलूप घातलं. संशय अर्थातच रंगाऱ्यावर. गोदामातून गिटार थांबली की ते कान टवकारत, आता हा कुठे गेला? जेवतानाही त्यांचा एक डोळा अंगणाकडे असे. बायको म्हणे, "अहो, ताटात बघा."

अशात गोदामात एक प्रदर्शन करायचं ठरलं. भिंतींवर चित्रं, चित्रांमध्ये उभ्या केलेल्या फळ्या आणि समोर गाणं. रंगारी निमंत्रण घेऊन आला. "मास्तर, तुमची फळी मधोमध. तिच्यावर मी ब्रशसुद्धा टेकवणार नाही. फक्त तुमचा हात दिसला पाहिजे."

"फक्त माझा?" मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. रंगाऱ्याने नजर चुकवली. इथे नक्की पाणी मुरत होतं.

प्रदर्शनाची फळी घासून होत आली तेव्हा त्यांनी सापळा लावला. सगळ्या फोमभर पेन्सिलीच्या बारीक नागमोडी रेघा ओढल्या, कुलूप लावलं आणि जेवून पडायला गेले. तासाभराने कुलूप उघडलं. रेघा जागच्या जागी होत्या, फक्त शेपटीच्या डाव्या बाजूला वीतभर जागा कोरी. भुसासुद्धा झाडून घेतलेला.

मास्तर तसेच गोदामात घुसले. गाणं मध्येच बंद पडलं.

"माझ्या फळीला कोण हात लावतं?"

बाकीचे चौघे जमिनीकडे बघायला लागले. रंगारी गिटार खाली ठेवून म्हणाला, "मी. मीच लावतो, मास्तर. चुकलं."

मास्तरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्यांनी त्याला दंडाला धरून निळ्या खोलीत आणलं आणि हातात रंधा दिला. "दाखव करून."

रंगाऱ्याने रंधा उचलला. उलटा धरला. मास्तरांनी त्या रंध्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत होता, आणि स्वतःसाठी बोलत नव्हता. खोलीची दुसरी किल्ली ज्या जुडग्यात होती, ते जुडगं बायकोच्या कमरेला असे.

ती दारातच उभी होती, हातात रेझिनचं डबडं घेऊन.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. रंगारी हळूच निघून गेला. "तुम्हाला सावली दिसत नाही हो आता. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद धुवायच्या शर्टात राहिला होता तुमच्या. वाचला मी."

"सांगायचं होतंस मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही रंधा ठेवून दिला असता. मग दिवसभर घरात बसून माझ्या भांड्यांवर संशय घेतला असता."

मास्तरांना हसू आलं नाही. चार वर्षांतलं एकेक कौतुक त्यांना आठवत होतं आणि प्रत्येक आठवण तोंडात मारल्यासारखी लागत होती. त्यांनी रंगाऱ्याने टाकलेला रंधा उचलला, लादी बाजूला केली आणि नवा फोम घोड्यावर चढवला. "प्रदर्शनाला ही जाईल. हिला हात लावायचा नाही. माझा हात गेला की नाही ते एकदा कळू दे मला."

"नाही लावत," ती म्हणाली.

बोलली तशी वागली, पण मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. दुसरी किल्ली काढून घेतली. ती कापड अंथरत होती तेव्हा समोर स्टूल टाकून बसले. तिच्या हातात पॉलिशपेपर दिसला की विचारत, "तो कशाला?" रेझिन वाळलं, सही आत बंद झाली आणि मास्तरांनी फळीवर टोकापासून टोकापर्यंत तळवा फिरवला. त्यांना ती काचेसारखी सपाट लागली. पंचवीस वर्षांच्या घट्ट्यांनी तळवा पायाच्या टाचेसारखा झाला होता, पण हे त्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

प्रदर्शनाच्या दुपारी गोदाम भरून गेलं. मास्तरांची पांढरी फळी मधोमध उभी होती आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर दिवे सोडलेले. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसून लोकांचे चेहरे तपासत होते. कुणी काय म्हणतं यावर त्यांचा भरवसा नव्हता. लोक म्हणत होते, "छान." पण नुसतं छान. फळीच्या वरच्या कडेपाशी कुणी वाकून बघत नव्हतं, कारण तिथे त्यांची बायको उभी होती, फळीला अगदी चिकटून.

गाणं सुरू झालं. ढोल, गिटार, वर रंगाऱ्याचा आवाज. एक संपलं, दुसरं झालं. कुणीतरी तिला खुर्ची आणून दिली. तिने मान हलवली. तिचे गुडघे दुखतात हे मास्तरांना माहीत होतं. घरात पोळ्यासुद्धा ती स्टुलावर बसून लाटायची.

चौथ्या गाण्याला मास्तर उठून तिच्याजवळ गेले.

"बसत का नाहीस?"

"गाणं उभ्याने ऐकायला बरं वाटतं."

"हे गाणं? डबे आपटणं म्हणतेस ना याला?"

फळीला तिने पाठ आणखी टेकवली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या खांद्यामागे, जिथे फळीची कड होती तिकडे पाहिलं. त्यांना तिथे काहीच दिसलं नाही. पण आयुष्यभर लोकांवर संशय घेऊन एवढं तरी त्यांना कळत होतं की माणूस विनाकारण एका जागी तासभर उभं राहत नाही.

त्यांनी हळूच विचारलं, "उंचवटा बराच मोठा आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली. "एवढासा."

मास्तरांनी तिच्या कोपराला धरलं आणि आपल्या खुर्चीपर्यंत नेलं.

"बस आता," ते म्हणाले. "दिसू दे."

ती बसली. बाजूचा उजेड फळीच्या कडेवर पडला. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.