पिवळ्या कार्डावरच्या कोंबड्या

आमच्या गावाला जगाच्या गरिबीचा फार कळवळा. काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची ख्रिस्ती वस्ती आहे. चर्च एक, रेशनचं दुकान एक, आणि होमस्टे किती ते विचारू नका, परवा मोजले त्यापेक्षा आज एक जास्त असेल. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की चर्चच्या दाराशी दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी डबा ठेवतात, आणि आम्ही त्यात सढळ हाताने टाकतो. भुकेला माणूस जितका लांबचा, तितका आमचा हात सैल. जवळच्या माणसाची भूक म्हटली की आम्हाला आधी त्याच्या सवयी आठवतात.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. सगळं गाव मला बाई म्हणतं. अर्ध्या गावाचे कान मी पिरगाळलेले आहेत, त्यामुळे चर्चमध्ये लोकांच्या वतीने प्रार्थना वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, माइक बंद पडला तरी. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे, ही प्रार्थना मी खास ठासून वाचते. तिला आमच्याकडे उत्तरही सगळ्यांत मोठ्याने येतं, कारण म्हणणारा प्रत्येक जण मनात दुसऱ्या पक्षाचा राज्यकर्ता धरून असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे फादर आले. वयाने तरुण, शहरात वाढलेले, आणि वाचन दांडगं. पहिल्याच प्रवचनात त्यांनी जागतिक मंदी काढली. तिकडे कुठेतरी बँक बुडते आणि इकडे न्हावा शेव्याला कंटेनर कमी उतरतात, मग तिथे कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांच्या पाळ्या कमी होतात, असं त्यांनी छान समजावून सांगितलं. पोरांच्या पाळ्या खरंच कमी झाल्या होत्या, त्यामुळे लोक ऐकत होते. मग फादर म्हणाले, "गरिबी हा आकडा नाही, तिला चेहरा असतो. तो चेहरा आपण ओळखतो का?" आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. माझ्या बाकावरची एक तर डोळे पुसत होती.

त्या चेहऱ्यांपैकी एक माझ्या कुंपणापलीकडेच राहत होता. माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ओहोटी लागली की ही लोखंडी आकडी घेऊन खडकांवर जाते, कालवं फोडते, मांस डब्यात भरते आणि होमस्टेवाल्यांच्या दारोदार विकते. शिंपल्यांच्या धारेने तिची बोटं इतकी झिजली आहेत की अंगठ्यावर रेष म्हणून राहिली नाही. रेशनच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखेना. दर महिन्याला ती जायची, अंगठा पुसायची, पुन्हा ठेवायची, आणि यंत्र लाल दिवा दाखवायचं. काही महिने धान्य उचललं नाही म्हणून तिचं नावच यादीतून गेलं. पुढे डोळा ओळखणारं यंत्र आलं, तिचे डोळे त्याला बरोबर ओळखूही आले, पण तोवर यादी भरली होती.

मी गप्प बसणारी नाही. तिचा अर्ज मी लिहिला, वळणदार अक्षरात, आणि तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून बिचारा शांत होता. म्हणाला, "बाई, तुमच्या गावाची संख्या ठरलेली आहे. कुणी यादीतून आपण होऊन बाहेर पडलं, तरच हिला आत घेता येईल."

"बाहेर कोण पडणार?" माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "एसीच्या खोल्या भाड्याने देणारे पिवळं कार्ड मिरवतात. ट्रकवाले मिरवतात. दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवताना लोकांना लाज कशी वाटत नाही हो?"

कचेरीतले चार जण माना वर करून बघायला लागले. मला जरा बरंच वाटलं. शेजारीण मात्र माझ्या मागे खाली मान घालून उभी होती. परतताना रिक्षा खडकांपाशी आली तेव्हा नुसतं म्हणाली, "जाऊ द्या बाई. ओहोटी हाय अजून, मी उतरते इथंच." आणि रिक्षातून उतरून चालायला लागली.

इथे माझ्या कोंबड्यांबद्दल सांगायला हवं. तेव्हा माझ्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता, आणि रेवदंड्यापर्यंत तसल्या तजेलदार कोंबड्या कुणाकडे नव्हत्या. त्यांची अंडी मी फादरांकडे पाठवायची. लोक विचारायचे, बाई, काय घालता यांना? मी हसून म्हणायची, प्रेम. खरं म्हणजे घालायची तांदूळ. सून महिन्याला रेशनचा आणायची. तो तांदूळ जाड, मला पोटाला मानवत नाही, नातवंडं तोंड वाकडं करतात. टाकायचा कुठे? कोंबड्या मात्र पातेल्याचा आवाज आला की धावत यायच्या. आमचं कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं, त्याची होडी फुटली त्या वर्षी, माझी नोकरी पक्की व्हायच्या आधी काढलेलं. पुढे मला पेन्शन सुरू झाली, मुलाने होमस्टेला जागा दिली, नवरा देवाघरी गेला. कार्ड तेवढं पेटीत तसंच पिवळं राहिलं. शपथेवर सांगते, कचेरीत भांडताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. गरिबांची यादी म्हणजे दुसऱ्यांची यादी, असं डोक्यात घट्ट बसलेलं.

तर पवित्र गुरुवार जवळ आला. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात, गुरूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. आमच्या गावात ह्या बारांत नंबर लागणं म्हणजे मोठा मान. वर्षानुवर्षं तेच बारा पुढारी पुरुष, आणि ते पाय घरूनच असे घासून आणायचे की धुणाऱ्याला धुवायला काही उरू नये. त्या वर्षी तर पंचायतीची निवडणूक होती. सरपंच व्हायला निघालेला आमचा एक होमस्टेवाला, तो अलिबागला जाऊन पायांना कसलं क्रीम लावून आला होता. फादरांनी बॉम्ब टाकला. "यंदा बारा गरिबांचे पाय धुवायचे. बायकाही चालतील. बाई, तुम्ही गावात सगळ्यांना ओळखता, बारा जण शोधा."

मी घरोघर फिरले. अहो, काय सांगू! पिवळं कार्ड नाही असं घर सापडेना, आणि गरीब आहे असं म्हणणारा माणूस सापडेना. एकीने तर मला चहाबरोबर काजू दिले, नव्या फ्रीजचं दार उघडझाप करून दाखवलं आणि म्हणाली, "आमच्याकडे कशाला आलात बाई? आम्ही काय गरीब आहोत?" सरकारपुढे सगळे गरीब, देवापुढे एकही नाही. मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

शेजारणीला विचारलं. ती कालवं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझं पाय दर्या रोज धुतो. फादरला कशाला तरास? तांदळाचं काय झालं तर सांगा." तांदळाचं काही झालं नव्हतं. मी चार शब्द धीराचे बोलून घरी आले. पातेलं घेतलं आणि कोंबड्यांना हाक मारली.

फादरांना सांगितलं, एकही मिळाला नाही. ते आश्चर्यात पडले. "पण शासनाची यादी असेल ना? पंचायतीच्या फलकावर लावतात. ती रविवारी मिस्सानंतर, सगळे चर्चमध्ये असतानाच वाचू. नाव ऐकलं की लोक संकोच सोडतील, आपण होऊन पुढे येतील."

शहरातला माणूस! मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या अंगात सैतान संचारला. भरल्या चर्चमध्ये, माझ्या तोंडून, त्या क्रीमवाल्याचं नाव गरीब म्हणून! असा योग पुन्हा येणार होता का? मी म्हटलं, "उत्तम कल्पना आहे, फादर." फलकाचा फोटो मोबाइलवर काढला, पहिल्या पाच-सात ओळींतच त्याचं नाव दिसलं, आणि पुढचं वाचायची मला गरजच वाटली नाही.

रविवारी चर्च गच्च. मी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सुरू केलं. नावं इथे लिहीत नाही, मला अजून ह्याच गावात राहायचं आहे. पहिल्या नावाला कुणी खोकलं. दुसऱ्या नावाला एक जण बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकला, तो वर आलाच नाही. क्रीमवाल्याचं नाव मी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून घेतलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मागच्या बाकांवर बायकांनी पदर तोंडाला लावले. मी रंगात आले. नाव घ्यायचं, जरा थांबायचं, चष्म्यावरून बघायचं. शाळेत हजेरी घेताना मला कधी इतकी मजा आली नव्हती.

आणि त्या तारेत, तशाच खणखणीत आवाजात, मी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं.

जीभ पुढे गेली, मी मागे राहिले. फादर नवे, त्यांना काय ठाऊक! मी थांबले असं पाहून ते हौसेने उठले. "हे कोण? यांच्या घरचं कुणी आलंय का? या, पुढे या, लाजू नका."

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्या बाकावरून क्रीमवाला अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सांगा ना बाई."

"फादर," मी म्हटलं, "ते वारले. त्यांची बायको मीच."

फादरांना त्यातलं काही कळलंच नाही. त्यांचा चेहरा उजळला. "मग पहिले पाय तुमचे! बघा, बाईंनी कसा आदर्श घालून दिला!"

चर्च असं हसलं की वळचणीची कबुतरं उडाली. मी शाळेत ज्यांचे कान पिरगाळले होते ते सगळे, मुलाबाळांसकट, पोट धरून हसत होते. मीही हसले असते, पण माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. शेजारीण दाराशी बसली होती, पायाशी डबा. ती एकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तेव्हा मला कचेरीतली तिची खाली घातलेली मान आठवली. हिला तेव्हाही ठाऊक होतं. आमचं कुंपण कमरेइतकं आहे. माझ्या पातेल्याचा आवाज कोंबड्यांना यायचा तसा तिलाही येत असणार.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी दाराशी उभी होते. यादीतून बाहेर पडायचा अर्ज एका पानाचा असतो. माझ्या वळणदार अक्षराला तो भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं माझ्याकडे ती पाच मिनिटं नव्हती.

गुरुवारी मी पहिल्या स्टुलावर बसले. एकदा बाई बसली म्हटल्यावर उरलेल्या अकरा जागांना धक्काबुक्की झाली, आणि हो, क्रीमचे पायही आले. फादरांनी माझ्या भेगाळलेल्या टाचेवर कोमट पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं, खाली वाकून पायाचं चुंबन घेतलं. मला लाज वाटली. पायांची नाही. आयुष्यभर मी प्रार्थना वाचल्या त्या दुसऱ्यांनी सुधारावं म्हणून, हे त्या माणसाच्या वाकलेल्या डोक्याकडे बघताना कळलं. माझ्यामागून अर्ज भरणारी आणखी तीनच घरं निघाली. क्रीमवाला सरपंच झाला. त्याचं कार्ड अजून पिवळंच आहे, आणि राज्यकर्त्यांची प्रार्थना मी अजून ठासूनच वाचते, फक्त आता त्यात मनातल्या मनात स्वतःलाही घालते.

कागद फिरायला पावसाळा गेला. ह्या काळात माझ्या कोंबड्यांना मी बाजारातली कणी घालत होते. त्यांनी नाकं मुरडली, अंडी कमी केली, कोंबडा तर माझ्यावर रुसला. भात कापणीला आला तेव्हा शेजारणीला पहिलं धान्य मिळालं. मी ओट्यावरून तिला पिशवी डोक्यावर घेऊन येताना पाहिलं आणि आत गेले. तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता.

थोड्या वेळाने तीच कुंपणाशी आली. पदराची गाठ सोडली. आत तांदूळ होता, जाड, ओळखीचा.

"धरा बाई. तुमच्या कोंबड्यांना."

"अगं, वेडी का तू? तुला एवढ्या खटपटीने मिळालाय!"

"मूठभर तर हाय," ती म्हणाली. "त्यांना सवय हाय न्हवं ह्याची. त्यांचा काय दोष?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा होता की माया होती, मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि तिला विचारायची माझी हिंमत नाही. मी दोन्ही हात पुढे केले. तिने तिच्या त्या बिनरेषांच्या बोटांनी तांदळाचा शेवटचा दाणासुद्धा पदरातून झाडून माझ्या ओंजळीत टाकला. ती तिथेच उभी राहिली. कोंबड्या मात्र तिच्याकडे गेल्या नाहीत. पंख पसरून, एकमेकींना ढकलत, सगळ्या माझ्याकडे धावत आल्या.